भिंतीचे कपाट : मापे, मांडणी आणि अंतरे

‘कपाट’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. ज्याला आपण आज कपाट म्हणतो ती वस्तू पूर्वी स्वतंत्रपणे अस्तित्वात नव्हती; भिंतीत एक पोकळी असे, आणि त्या पोकळीला लावलेली झडप म्हणजे कपाट. कालांतराने झडपेचे नाव पोकळीला मिळाले, आणि पुढे पोकळीच नाहीशी झाली तरी नाव टिकले. शेजारच्या हिंदीतील ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. मराठीतील फडताळ, कोनाडा, देवळी, हिंदीतील ताक आणि आला, बंगालीतील कुलुंगी हे सारे शब्द मात्र भिंतीच्या पोटातच राहतात. त्या शब्दांचा आणि भिंतीच्या जाडीचा निकटचा संबंध आहे.

जुन्या घरांच्या भिंती छपराचा व मजल्यांचा भार वाहत असत. माती, दगड किंवा वीट यांची दीड-दोन फूट जाडीची भिंत उभारल्यावर तिच्या पोटात फूटभर खोलीचे फडताळ काढणे ही सहज साध्य गोष्ट होती. सिमेंट-लोखंडाच्या चौकटीवर इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा भार खांबांनी व तुळयांनी उचलला आणि भिंत केवळ पडद्यासारखी उरली. बाहेरची भिंत नऊ इंचांची, आतली साडेचार इंचांची. साडेचार इंचांच्या भिंतीत काहीही कोरता येत नाही. कोरले तर पलीकडच्या खोलीत उजेड दिसेल. म्हणून कपाट भिंतीतून निघाले आणि खोलीत येऊन उभे राहिले. आपल्या शहरांतील लहान घरांत फर्निचरमुळे जी अडचण होते तिचे एक मूळ येथे आहे, आणि या प्रकरणातील सारा हिशेब त्या अडचणीशी संबंधित आहे. भिंतीने सोडलेली जागा आता जमिनीतून वसूल करावी लागते, आणि जमीन महाग असते.

भिंतभर कपाट करावयाचे ठरले की बहुतेक घरांत सुताराला बोलावले जाते, तो टेप लावून लांबी-उंची घेतो आणि दारे किती असावीत यावर चर्चा सुरू होते. हा क्रम उलटा आहे. विचाराचा प्रारंभ कपड्यापासून झाला पाहिजे. कपड्यापासून खणाकडे, खणापासून भिंतीकडे आणि सर्वांत शेवटी दाराकडे. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा जो आराखडा केला त्यात हाच मार्ग अनुसरला होता. गृहिणीच्या हालचाली व पावले आधी पाहिली, ओटे आणि फळ्या नंतर आखल्या. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा त्या जागेत एका कुटुंबाचा स्वयंपाक सुखाने होत असे, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या काळी बांधली गेली. कपड्यांच्या कपाटाला तीच शिस्त लागू पडते.

प्रथम कपड्यांची मापे पाहू. प्रौढ माणसाचा हँगर साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर कोट टांगला की खांद्यांमुळे रुंदी ५० ते ५५ होते. याचा अर्थ, कपडे दाराशी काटकोनात टांगावयाचे असतील तर कपाटाची आतली खोली ५५ सेंटिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही, आणि बाहेरचे माप ६० पर्यंत जाते. दांडी पाठीमागच्या फळीपासून २८ ते ३० सेंटिमीटरवर येते. प्लायवूडचा तक्ता ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४ बाय १२२ सेंटिमीटर असतो. तो लांबीच्या दिशेने मधोमध कापला तर करवतीत जाणारे काही मिलिमीटर वगळून साठ सेंटिमीटरांपेक्षा किंचित अधिक रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. हँगर आणि तक्ता यांची ही जुळणी हा योगायोग असला तरी तिचा फायदा घेणे शहाणपणाचे आहे. खोली ६५ ठेवण्याचा आग्रह धरणारा मनुष्य प्रत्येक तक्त्यातील अर्धा भाग वाया घालवितो.

शर्ट हँगरसह सुमारे ९५ ते १०० सेंटिमीटर लांब लोंबतो, कोटाला १०५, शेरवानीला ११५ ते १२५ आणि पायघोळ वस्त्रांना १४० ते १५० लागतात. दांडीवर एका शर्टाला तीन-चार सेंटिमीटर आणि कोटाला सहा ते आठ सेंटिमीटर जागा धरावी. दांडी आणि तिच्या वरची फळी यांत पाच सेंटिमीटर अंतर असावे. ते नसले तर हँगरचा आकडा उचलून काढता येत नाही आणि रोज सकाळी कपडा ओढून काढण्याची कसरत करावी लागते.

साडीचा हिशेब परदेशी पुस्तकांत कोठेच सापडत नाही. तो आपला आपणच केला पाहिजे. साडेपाच मीटर लांबीची साडी चार वेळा निम्म्याने दुमडली की सुमारे ३४ सेंटिमीटर रुंदीची पट्टी होते. साडीचा पन्हा सुमारे ११५ सेंटिमीटर असतो. ही पट्टी हँगरच्या आडव्या दांडीवरून दोन्ही बाजूंना सारखी सोडली की ५७ सेंटिमीटर खाली लोंबते, आणि हँगरचा वरचा भाग धरून एकूण ८० सेंटिमीटर उंची पुरते. परंतु भरजरी साडी टांगू नये. जरीचे वजन एकाच घडीवर येऊन तेथे कापड विरते. अशा साड्या मलमलीच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून फळीवर आडव्या ठेवाव्यात आणि वर्षातून दोन-तीनदा घडीची जागा बदलावी. फळीवरील साडीच्या चळतीला ३२ सेंटिमीटर, तर शर्टाच्या चळतीला २५ सेंटिमीटर रुंदी लागते. दोन फळ्यांतील अंतर २५ ते ३० सेंटिमीटर ठेवावे. अधिक अंतर ठेवले तर अधिक कपडे मावतील हा भ्रम आहे. उंच चळतीतील खालचा कपडा काढताना वरची चळत कोसळते, आणि आठवड्याभरात त्या खणाचे गाठोडे होते.

यानंतर माणसाचे माप. उभ्या माणसाचा हात वर कोठपर्यंत सहज पोहोचतो हे काढण्याचा एक ढोबळ नियम आहे : उंचीत तिचा पाचवा हिस्सा मिळवावा. पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचा हात सुमारे १८२ सेंटिमीटरवरील वस्तू पकडू शकतो. रोजच्या वापराच्या गोष्टी गुडघा आणि डोळे यांच्या दरम्यान असाव्यात. त्याखाली पादत्राणे, जड पेट्या. त्यावर क्वचित लागणाऱ्या वस्तू. आणि हाताच्या टप्प्यापलीकडे केवळ रजया, गाद्या, प्रवासाच्या बॅगा.

हा नियम मला आधी माहीत असता तर आमच्या घरी एक अनर्थ टळला असता. वीस वर्षांपूर्वी आम्ही भिंतभर कपाट करून घेतले तेव्हा सुताराने एकावर एक अशा दोन दांड्या बसविल्या. कागदावर ती योजना फार सुबक दिसत होती. एकाच खणात दुप्पट कपडे! परंतु दोन शर्टांची लांबी आणि खालची चौकट यांची बेरीज केली की वरची दांडी आपोआप दोन मीटरांच्या वर जाते. ती सहा फूट दहा इंचांवर आली. माझ्या आईची उंची चार फूट अकरा इंच. पहिले काही महिने ती स्टुलावर चढून साड्या काढीत असे. एके दिवशी स्टूल सरकले, आई पडली आणि तिचे मनगट मोडले. हाड दीड महिन्यात जुळले. पण त्यानंतर आईने त्या कपाटाला हात लावला नाही. तिच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. सुताराचा यात काही दोष नव्हता. कपाट कोण वापरणार हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता भिंत. कोणतीही भिंत सरळ नसते हे गृहीत धरूनच टेप हातात घ्यावी. गिलावा हाताने केलेला असतो, आणि कोपऱ्यात तो नेहमी जाड येतो. म्हणून रुंदी जमिनीलगत, मध्यावर आणि छताखाली अशी तीन ठिकाणी मोजावी. उंचीही डावीकडे, मध्यभागी आणि उजवीकडे मोजावी. आणि प्रत्येकात सर्वांत लहान माप खरे मानावे. ओळंबा सोडून भिंत कोणत्या बाजूला कलली आहे ते पाहावे, पाणसळ ठेवून जमिनीचा उतार पाहावा. कोपरा काटकोनात आहे की नाही हे कळण्यासाठी एका भिंतीवर ९० सेंटिमीटर व दुसऱ्या भिंतीवर १२० सेंटिमीटर अंतरावर खूण करावी. दोन खुणांतील तिरपे अंतर बरोबर १५० भरले पाहिजे. विजेची बटणे, खिडकीची झडप, खोलीचे दार उघडल्यावर येणारी त्याची कड, छताखालून जाणारी तुळई हे सारे त्याच कागदावर मांडावे. सुतार आपसांत सूत या मापात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला असला तरी सुताराच्या तोंडून सूत गेलेले नाही, आणि प्लायवूडची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये विकली जाते. कागदावर दोन्ही मापे लिहून ठेवलेली बरी. ‘साडेसात’ म्हणजे फूट की इंच यावरून तक्ते वाया गेलेले मी पाहिले आहेत.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. खोली दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे ३०५ बाय ३६६ सेंटिमीटर. छत ३०० सेंटिमीटरवर. कपाट दहा फुटी भिंतीला लावावयाचे आहे. मोजल्यावर रुंदी जमिनीलगत ३०४.५, मध्यावर ३०३.८ आणि छताखाली ३०२.६ भरली. तेव्हा हाती आहेत ३०२.६. यांतून कपाटाला ३०० द्यावेत आणि उरलेली फट दोन्ही बाजूंना वाटून तेथे लाकडाची पट्टी भिंतीच्या वाकणाप्रमाणे रंधून बसवावी. भिंतीला भिडेपर्यंत कपाट नेण्याचा मोह टाळावा; कललेल्या भिंतीला भिडलेल्या कपाटाचे दार कधीच धड लागत नाही.

तीनशे सेंटिमीटरांची वाटणी कशी करावी? शंभर-शंभरचे तीन खण हे पहिले सुचणारे उत्तर. उभ्या फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या धरल्या तर आतली रुंदी ९६.४ उरते, आणि येथेच घोटाळा होतो. एकाच जाडीच्या फळीवर दर सेंटिमीटरला सारखेच ओझे असेल, तर तिची लचक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. लांबी दीडपट झाली तर लचक पाचपट होते. जाडी वाढविली तर लचक घनाच्या प्रमाणात कमी होते. १८ ऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतली तर ती सुमारे पावणेतीन पटींनी कमी भरते, परंतु खर्च आणि वजन दोन्ही वाढतात. कपड्यांचे ओझे फसवे असते. एक साडी हलकी, पण चाळीस साड्यांची फळी पुस्तकांच्या फळीपेक्षा फारशी हलकी नसते, आणि ते ओझे वर्षानुवर्षे हलत नाही. म्हणून १८ मिलिमीटरची फळी ७५ सेंटिमीटरांच्या पलीकडे आधाराशिवाय नेऊ नये असे माझे मत आहे.

आता चळतींकडून मोजू. साडीच्या दोन चळती ६४, हात घालण्यास ४, मिळून ६८. उभ्या फळ्या धरून खण सुमारे ७२ चा झाला. शर्टांच्या दोन चळती ५० आणि ४ मिळून ५४. खण ५८ चा झाला. उरले १७०, म्हणजे टांगण्याचे ८५ चे दोन खण. हिशेब निर्दोष आहे, पण दारे तीन वेगवेगळ्या रुंदीची होतात, आणि तशी भिंत डोळ्याला खटकते. येथे एक युक्ती आहे. ७५ चे चार समान खण करावेत. प्रत्येकाची आतली रुंदी ७१.४. साडीचा खण जमला. शर्टांची घडी २५ ऐवजी २२ सेंटिमीटरची घातली तर तीन चळतींना ६६ आणि वर चार, म्हणजे ७० पुरतात, तोही जमला. टांगण्याच्या दोन खणांत मिळून एकूण १४३ सेंटिमीटर दांडी मिळाली. प्लायवूड कापण्यापेक्षा घडी बदलणे स्वस्त पडते. शंभरच्या खणाशी तुलना केली तर फळीची लचकही एक तृतीयांशाहून खाली आली.

उंचीचा हिशेब असा : खाली १० सेंटिमीटरची चौकट, तिच्यावर २०५ सेंटिमीटर उंचीचे मुख्य कपाट, आणि वर छतापर्यंत ८५ सेंटिमीटरांचा माळा. खालची चौकट शोभेसाठी नाही. आपल्याकडे फरशी पाण्याने पुसतात, सणासुदीला धुतात. प्लायवूडची कड जमिनीला टेकली तर वातीसारखे पाणी वर ओढते आणि पाच-सहा वर्षांत थर सुटतात. चौकटीखाली कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी घातली तर आणखी चांगले. दांडी जमिनीपासून १८२ वर ठेवली. एका खणात शर्ट टांगले तर ते ८७ सेंटिमीटरवर संपतात आणि खाली वीस-वीस सेंटिमीटरांचे तीन ड्रॉवर बसतात. दुसऱ्या खणात दीड मीटर लांबीची वस्त्रे टांगूनही खाली सुमारे वीस सेंटिमीटर जागा राहते. दांडीच्या वर, १८८ च्या आसपास, एक फळी टाकता येते. टोप्या, शाली, हलक्या वस्तू तेथे जातात. फळ्या मात्र खिळून टाकू नयेत. युरोपातील कारखान्यांत उभ्या फळीवर दर ३२ मिलिमीटरला ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडण्याची पद्धत आहे. त्यांत खुंट्या बसवून फळी हवी तेथे टेकविता येते. आठ छिद्रांचे अंतर २५.६, नऊचे २८.८ सेंटिमीटर, आपल्या चळतीला हवे तेच. मूल पाच वर्षांचे असताना ठेवलेली अंतरे ते पंधरा वर्षांचे झाल्यावर उपयोगी पडत नाहीत.

दारांच्या बाबतीत खोलीच निर्णय देते. कपाटाची खोली, दाराची जाडी आणि मागची फट मिळून ६५ सेंटिमीटर गेले; ३६६ पैकी ३०१ उरले. समोरच्या भिंतीला डोके करून दोन मीटरचा पलंग ठेवला तर मध्ये १०१ सेंटिमीटरची वाट राहते. खण ७५ चा असल्याने दार ३७.५ चे आहे. ते उघडताना माणसाला मागे सरकण्यास पुरेशी जागा आहे. ड्रॉवर ४५ सेंटिमीटर बाहेर येतो आणि त्यापुढे वाकलेल्या माणसाला ५० लागतात, एकूण ९५. जमले, पण जेमतेम. पलंग लांबीला आणखी दहा सेंटिमीटर असता तर ड्रॉवर पुरता उघडून त्यापुढे वाकण्यास जागा उरली नसती. ड्रॉवर बिजागरीच्या बाजूने दोन-दोन सेंटिमीटर आत घ्यावेत, नाही तर ते अर्धवट उघडलेल्या दाराला अडकतात. वाट याहून अरुंद असेल तर सरकत्या दारांचा विचार करावा. त्यांच्या दोन रुळांना आठ-दहा सेंटिमीटर खोली लागते, ती हँगरसाठी ठेवलेल्या जागेतून घेता येत नाही; शिवाय एका वेळी अर्धेच कपाट दिसते, आणि नवरा-बायकोला एकाच वेळी कामावर जावयाचे असेल तर सकाळी नऊ वाजता हा दोष चांगलाच जाणवतो.

राहिला ओलावा. कोकण, गोवा, केरळ, बंगाल, आसाम येथे पावसाळ्यात बंद कपाटातील चामड्याच्या पट्ट्यावर आठ दिवसांत बुरशी धरते. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला कपाट लावणे भागच असेल तर मागे अडीच ते पाच सेंटिमीटर फट ठेवावी, आणि ती फट वर-खाली मोकळी राहील असे पाहावे. केवळ फट ठेवून वरून पट्टीने बंद केली तर ती ओलीची पेटी होते. दारांत किंवा माळ्याखाली लहान छिद्रे ठेवावीत. राजस्थानात किंवा उत्तर गुजरातेत उलट प्रश्न असतो. तेथे ओल नाही, पण धूळ आहे. छिद्रांऐवजी दारांच्या कडा एकमेकींवर चढविलेल्या बऱ्या. काश्मीरमध्ये फेरनसारखे भरदार वस्त्र दांडीवर शर्टाच्या दुप्पट-तिप्पट जागा घेते, आणि उन्हाळ्यात लोकरीला कसर लागू नये म्हणून वेगळा घट्ट बंद खण लागतो. डांबराच्या गोळ्या ठेवावयाच्या तर कापडात बांधून ठेवाव्यात. जरीला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये.

प्लायवूड घेताना भारतीय मानक ब्युरोची मुद्रा आणि ओलावा सहन करणारी प्रत पाहून घ्यावी. दाराला सनमायका एकाच बाजूने लावण्याची काटकसर करू नये. दोन बाजूंची ओल सारखी आत-बाहेर झाली नाही की दार पत्र्यासारखे वाकते. भरीव लाकडाची चौकट असेल तर दोन दारांत एक सूत फट ठेवावी. अशी दारे जुलैत फुगतात आणि घासू लागतात. तेव्हा लगेच रंधा मारू नये. जानेवारीपर्यंत थांबून, लाकूड पुरते सुकल्यावरही दार घासत असेल तरच सुताराला बोलवावे.